भाडं आधी, गिऱ्हाईक मागून

नवी मुंबईतल्या उलव्यात दुकान काढायला निघालेल्या माणसाला तीन गोष्टी हमखास ऐकवल्या जायच्या. रेल्वे येतेय, सी-लिंक येतोय, विमानतळ येतोय. तिन्ही खऱ्या ठरल्या. नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतची लोकल ११ नोव्हेंबर २०१८ ला धावली. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, म्हणजे आताचा अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला आणि त्याच दिवशी लोकलही खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत गेली. विमानतळाचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली.

प्रश्न फक्त वर्षांचा होता. भूमिपूजनाच्या वेळी २०१९ च्या अखेरीस विमान उडेल असं सांगितलं गेलं होतं. त्या शब्दावर ज्यानं २०१८ च्या पाडव्याला गाळा घेतला, त्याला ज्या गर्दीसाठी दुकान थाटलं तिची सहा वर्षं जास्त वाट बघावी लागली. या सहा वर्षांत लॉकडाऊन येऊन गेला. गाळ्याचं भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावंच लागलं.

नवा धंदा बुडाला की आपल्याकडे माणसाला दोष द्यायची जुनी सवय आहे. अभ्यास केला नाही, हिशेब ठेवला नाही, गल्ल्यावर बसायचा कंटाळा केला, मराठी माणसाला धंदा जमत नाही. उलव्याच्या सेक्टरांतून हिंडताना, बंद शटरं आणि त्यांवर चिकटवलेले ‘गाळा भाड्याने देणे आहे’चे कागद वाचताना, मला हे स्पष्टीकरण दिवसेंदिवस अन्यायाचं वाटत गेलं. इथं दोन घड्याळं आहेत. भाड्याचं आणि हप्त्याचं घड्याळ करारावर सही झाली की सुरू होतं. वस्तीचं घड्याळ शहर वसवणारी सिडको, रेल्वे, पाणी, मंत्रालय आणि दिल्ली यांच्या सोयीनं चालतं. या दोहोंतलं अंतर दुकानदाराच्या खिशातून भरलं जातं, आणि तो खिसा रिकामा झाला की आपण म्हणतो, धंदा बसला.

उलवे नवी मुंबईत आहे, पण नवी मुंबई महापालिकेत नाही. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, तिच्यातही ते नाही. पनवेल तालुका, रायगड जिल्हा. नियोजन सिडकोचं आणि गावठाणांत ग्रामपंचायत. गव्हाण, शेलघर, मोरावे, वहाळ, बामणडोंगरी, कोपर, न्हावे या आगरी-कोळी गावांच्या मधल्या जमिनीवर सेक्टर आखले गेले. इथं खाडीची मासेमारी होती, मिठागरं होती, खाऱ्या जमिनीतला भात होता. विमानतळाच्या सपाटीकरणासाठी उलव्याची टेकडी फोडून उतरवली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. ११६० हेक्टरांच्या विमानतळासाठी जे गेलं त्यात माणसांचे जुने धंदेही होते. मासे, मीठ, भात यांच्यावर चालणाऱ्या घराला भाडं नावाची गोष्ट माहीत नव्हती. नव्या उलव्यात धंद्याची पहिली ओळख भाड्यानंच होते.

एक हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत. उलव्यातल्या कोणत्याही किराणावाल्यासमोर ठेवा आणि त्याला त्याच्या वहीतले आकडे भरू द्या. समजा गाळ्याचं भाडं ३० हजार. हाताखाली एक मुलगा, त्याचा पगार १४ हजार. दोन फ्रीज आणि दिवे मिळून लाईटबिल ६ हजार. झाले ५० हजार. डिपॉझिट, फर्निचर आणि पहिला माल यांसाठी सात लाखांचं कर्ज काढलं, पाच वर्षांचं, १२ टक्क्यांनी, तर हप्ता साधारण साडेपंधरा हजार. महिन्याला साडेपासष्ट हजार गेल्याशिवाय मालकाच्या घरी एक रुपया जात नाही. पॅकबंद किराण्यात सरासरी दहा टक्के सुटले असं धरू, आणि तेही उदार मनानं धरलेलं आहे. म्हणजे महिन्याला साडेसहा लाखांची विक्री हवी, दिवसाला जवळपास बावीस हजारांची. सरासरी बिल दोनशेचं धरलं तर रोज शंभराच्या वर गिऱ्हाइकं.

आता शटरच्या बाहेर येऊन वर बघा. सात मजल्यांची इमारत, अठ्ठावीस घरं. निम्म्या घरांच्या गॅलरीत वाळत घातलेला कपडा नाही, कारण ती गुंतवणुकीची घरं आहेत. मालक डोंबिवलीला, चेंबूरला किंवा दुबईला. उरली चौदा. प्रत्येक घर किराण्याचे तीन हजार या दुकानात खर्च करेल असं धरलं (बाकीचं मोठ्या दुकानातून महिन्याचं सामान आणि दहा मिनिटांत दारात पिशवी आणून देणारं ॲप), तर साडेसहा लाखांसाठी दोनशे अठरा घरं लागतात. म्हणजे पंधरा-सोळा इमारती एकट्या या दुकानाच्या. आणि त्याच रांगेत तसलीच आणखी तीन दुकानं आहेत.

या हिशेबात दुकानदाराचं काय चुकलं ते मला दाखवा. तो सकाळी साडेसहाला दूध उतरवून घेतो, रात्री अकराला शटर ओढतो. महिनाअखेरीस उधारीची वही उघडतो, पण फोन करायला कचरतो, कारण उधारी असलेलं घर तुटलं तर चौदाची तेरा होतील.

मग गाळे एवढे का, आणि भाडं उतरत का नाही? सिडको भूखंड निविदेनं विकते. जो जास्त बोली लावेल त्याला. महाग जमिनीवरचा बांधकाम व्यावसायिक तळमजल्यावर दुकानं काढतो, कारण दुकानाला चौरस फुटाला घराहून जास्त भाव मिळतो. ती दुकानं बहुतेकदा दुकानदार घेत नाही, गुंतवणूकदार घेतो. विमानतळ आला की भाव चढेल या हिशेबानं घेतलेला गाळा वर्षभर रिकामा राहिला तरी त्याला फार दुखत नाही. उलट भाडं कमी करून दिला तर गाळ्याची किंमत उतरल्यासारखी होते, शेजारचा मालक रागावतो, पुढच्या भाडेकरूला तोच आकडा कळतो. म्हणून गाळा रिकामा ठेवणं परवडतं, स्वस्तात देणं परवडत नाही. बाजाराचा साधा नियम, माल पडून राहिला की भाव उतरतो, तो या तळमजल्यावर निदान काही वर्षं चालत नाही. मला हे उलव्याच्या दुकानदारीतलं सर्वांत मोठं दुखणं वाटतं, आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं.

गाळा घेणाऱ्याशी होणारा लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा, दर वर्षी ठरावीक वाढीचा. दुकानाला गिऱ्हाईक लागायला दीड-दोन वर्षं जातात. ते लागतं तेव्हा नूतनीकरणाची वेळ आलेली असते आणि मालकाला दिसतं की दुकान चालतंय. मग जो धंदा जगला त्याच्याही भाड्यात वाढ होते. फर्निचर, बोर्ड, गिऱ्हाइकांची ओळख, सगळं त्या जागेला चिकटलेलं. उठून दुसऱ्या सेक्टरात जायचं म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

अशा ठिकाणी कोण टिकलं आहे हे बघणं जास्त शिकवून जातं.

पहिले, ज्यांना भाडं नाही ते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात जमिनीसाठी चाललेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. इकडच्या बोलण्यात ‘साडेबारा टक्के’ हे एवढंच म्हटलं तरी सगळा इतिहास कळतो. ज्यांना असे भूखंड मिळाले त्यांतल्या अनेकांनी ते बांधकाम व्यावसायिकाबरोबर विकसित केले आणि वाट्याला घरांबरोबर एखादा गाळाही आला. त्या गाळ्यात चालणारं मटणाचं, मासळीचं, हार्डवेअरचं किंवा पूजासाहित्याचं दुकान वाईट महिन्यात मरत नाही. त्या महिन्यात फक्त कमी कमावतं. ४० वर्षांपूर्वी जमिनीसाठी दिलेल्या लढ्याचा एक परिणाम आज दुकानाच्या टिकण्यात दिसतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सहसा लिहिलेलं नसतं.

याच गावांतल्या तरुणांनी दुसराही रस्ता धरला: डंपर, जेसीबी, खडी-रेतीचा पुरवठा, पाण्याचे टँकर. वस्ती व्हायच्या आधी वस्ती बांधण्याचं काम असतं, आणि हा धंदा त्या कामावर चालतो. त्याचं घड्याळ वस्तीच्या पुढे धावतं. पण भराव संपला, धावपट्टी झाली, की डंपरचा हप्ता मागे उरतो. तो धोका वेगळा, तरी मूळ तेच.

दुसऱ्या, घरून डबा करणाऱ्या बायका. त्यांच्याकडे मी मुद्दाम जास्त वेळ थांबतो, कारण माझ्या मते उलव्यातला सर्वांत शहाणा धंदा तो आहे. विमानतळाच्या आणि बंदराच्या कामावर आलेले, तीन-चार जण मिळून वन बीएचके घेऊन राहणारे तरुण हे त्यांचं गिऱ्हाईक. जागा घरचीच. अन्नसुरक्षा विभागाकडची छोट्या व्यावसायिकाची नोंदणी, गॅसचं एक जादा सिलिंडर, दोन मोठी पातेली आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप एवढं भांडवल. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: डब्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घेतले जातात. चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी, भात. महिन्याचा आकडा ठरलेला, पैसे आधी, बाजार मग. किराणावाला माल आधी भरतो आणि पैसे उधारीतून मागून वसूल करतो. डबेवाल्या ताईंचं उलटं आहे. मुलगा नोकरी सोडून गेला तर एक डबा कमी होतो, भाड्याचा डोंगर अंगावर येत नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर बघण्यासारखे. भाजणी गिरणीतून दळून आलेली, चकलीच्या सोऱ्यावर दोघी जणी आळीपाळीनं, करंज्यांच्या ऑर्डरची यादी फ्रीजवर मॅग्नेटखाली, नावापुढे ‘ॲडव्हान्स जमा’ अशी टीप. ज्यांचं नाव यादीत आणि टीप नाही, त्यांच्या करंज्या तळल्या जात नाहीत.

तिसरे, ज्यांच्या घरात एक पगार येतो. नवरा न्हावाशेवा बंदरात किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत, बायकोचं ब्लाऊज शिवायचं दुकान. किंवा शिक्षिका असलेल्या बायकोच्या पगारावर नवऱ्याची स्टेशनरी आणि झेरॉक्स. पहिली दोन वर्षं दुकान घराला पोसत नाही, घर दुकानाला पोसतं. ज्या घरात असा पगार नाही, ते दुकान कितीही चांगलं असो, त्याच्याकडे वाट बघायला वेळ नसतो.

हे उलव्यापुरतं नाही. डेव्हिड मॅकेन्झी आणि ॲना लुइसा पाफहाउझेन यांनी २०१९ साली विकसनशील जगातल्या १२ देशांतल्या १४ हजारांहून अधिक छोट्या धंद्यांची माहिती एकत्र करून त्यांच्या मरणाचा अभ्यास छापला. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षी सरासरी ८.३ टक्के धंदे बंद पडतात असं त्यात दिसलं. अमेरिकेत सरकारी आकडे सांगतात की नव्या आस्थापनांपैकी सुमारे एक पंचमांश पहिल्याच वर्षी जातात आणि पाच वर्षांनी साधारण निम्म्या उरतात. म्हणजे धंदा मरणं हा आपल्याकडचा खास रोग नाही. आपल्याकडे धंदे बंद पडण्यामागे तोट्याच्या जोडीला आजारपण आणि घरातल्या अडचणी हीही कारणं असतात. दुकानदार आणि दुकान वेगळे नसतात; सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं की पैसे स्टॉकमधूनच निघतात.

भारतात असे धंदे किती? केंद्राच्या सांख्यिकी खात्याच्या २०२३-२४ च्या पाहणीत शेतीबाहेरच्या अनौपचारिक क्षेत्रात ७ कोटी ३४ लाख आस्थापना मोजल्या गेल्या, आदल्या वर्षीपेक्षा ८४ लाखांनी जास्त. त्यांत कामाला १२ कोटींहून अधिक माणसं. सरासरी काढली तर एका धंद्यात दोन माणसंही भरत नाहीत. या वाढलेल्या आकड्यात किती नवे आले आणि किती मेले हे दोन वेगळे आकडे लपलेले आहेत. दुकान सुरू करताना शॉप ॲक्टची माहिती ऑनलाइन भरली जाते, कारण बँकेला कागद लागतो. बंद करताना कागद कुणाला लागत नाही, म्हणून कुणी कळवायला जात नाही. उद्घाटनाला नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळे येतात. फीत कापतानाचे फोटो असतात. बंद पडल्याची नोंद फक्त त्या घराच्या पासबुकात असते.

सरकार देतं ते कर्ज. ८ एप्रिल २०१५ ला मुद्रा योजना आली: शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. तारण नाही, हे मोठंच काम झालं. पण पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे की पहिला हप्ता कधी. कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग केला. सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या काही बायकांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांत हप्ता सुरू, काहींना दोन महिन्यांची मुभा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मुभा मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसा घातला, आणि तीन वर्षांनंतर त्यांचा नफा इतरांपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होता. थकबाकीही वाढली, हेही सांगायला हवं. बँका घाबरतात ते उगाच नाही. पण दोन महिन्यांनी एवढा फरक पडत असेल, तर उलव्यासारख्या जागी, जिथं गिऱ्हाईक यायला दोन वर्षं लागतात, तिथं दुसऱ्याच महिन्यात हप्ता मागणं म्हणजे माल भरायला दिलेले पैसे हप्त्यासाठी परत मागणं.

श्रीलंकेत मॅकेन्झी, सुरेश डी मेल आणि क्रिस्टोफर वुड्रफ यांनी २००५ नंतर छोट्या धंदेवाल्यांना १० किंवा २० हजार श्रीलंकन रुपये कर्ज म्हणून नव्हे, देणगी म्हणून दिले. पाच वर्षांनी पुरुषांचे धंदे टिकण्याचं प्रमाण १० टक्के-अंकांनी जास्त निघालं. बायकांच्या धंद्यात फरक दिसला नाही. पुढच्या अभ्यासांतून याचं एक कारण उलगडलं: घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बायकोच्या नावानं आलेला पैसा तिकडे जातो. बचत गटाचं कर्ज घेऊन रिक्षाचा हप्ता भरलेल्या किती बाया रायगडात सापडतील ते गटाच्या अध्यक्षांना विचारा.

धंदा नीट चालवायला शिकवलं तर? त्यालाही पुरावा आहे, आणि आपल्या जवळचा आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत सल्लागार पाठवले. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. पण त्या गिरण्यांना गिऱ्हाईक होतं. रिकाम्या इमारतीखालच्या दुकानदाराला स्टॉक कसा मांडावा हे शिकवून दोनशे अठरा घरं येत नाहीत.

गिऱ्हाईक कसं आणावं याचं उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली. ठाण्याच्या खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला आणि वाशीला लोकल आली ती १९९२ मध्ये. एकोणीस वर्षं. सरकारनं कचेऱ्या नवी मुंबईत नेण्याऐवजी नरिमन पॉइंटला ठेवल्या, तेव्हाच चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेल्या या शहराच्या मूळ कल्पनेचा कणा वाकला. तरी वाशीला एक गोष्ट मिळाली: १९८० आणि १९९० च्या दशकांत मस्जिद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा इथले घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं तिकडे हलवले गेले. कांदा-बटाटा आला, मसाला आला, धान्य आलं, फळं आणि भाजी आली. पहाटे चारला माथाडी कामगार, दलाल, ट्रकवाले, अडते. त्यांच्या चहा-वडापावावर, त्यांच्या मुलांच्या वह्यांवर, त्यांच्या दवाखान्यांवर वाशीची दुकानं उभी राहिली. गर्दी सरकारी निर्णयानं आणून दिली गेली आणि दुकानं तिच्या मागून आली. कळंबोलीला लोखंडाचा बाजार नेला तेव्हाही तसंच.

उलव्याला असं काही दिलं गेलं नाही. विशेष आर्थिक क्षेत्राच्या घोषणा झाल्या, त्या विरल्या. लोकल आली, पण दोन गाड्यांतलं अंतर एवढं की वेळापत्रक पाठ करावं लागतं, आणि एक गाडी चुकली की माणूस वाशी किंवा सीवूड्सलाच खरेदी उरकून येतो. २०२२ च्या दिवाळीत सिडकोनं बामणडोंगरी-खारकोपर परिसरात आर्थिक दुर्बल घटकांसाठी ७८४९ घरांची योजना जाहीर केली. राहती माणसं आणणारी घरं ती हीच, गॅलरीत कपडे वाळणारी. त्यांचा ताबा एक महिना लवकर मिळणं किंवा लांबणं हा खालच्या दुकानांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, पण त्या वेळापत्रकाच्या बैठकीत दुकानदाराला कुणी बोलावत नाही.

हप्त्याचं घड्याळ थांबवता येत नाही असंही नाही. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. व्याज चालू राहिलं, तरी हप्ता थांबला. दुकानाच्या भाड्याला तशी सवलत नव्हती. ते ज्याच्या-त्याच्या गाळेमालकाच्या मनावर होतं. काहींनी निम्मं भाडं घेतलं, काहींनी डिपॉझिटमधून कापलं. डिपॉझिट संपलं त्या दिवशी शटरं खाली आली.

आणि खाली आलेलं प्रत्येक शटर म्हणजे हरलेला माणूस असंही मी मानत नाही. मोबाइल रिचार्जचं दुकान बंद करून कुणी विमानतळाच्या कार्गोत पगारी नोकरी धरली असेल, तर त्याच्या घरानं योग्य निर्णय घेतला. वाईट ते बंद होणं, ज्यात दागिने गहाण गेले आणि वर मित्राची उधारी राहिली. या दोन प्रकारच्या बंद होण्यांत फरक करणारी मोजणी कुणीतरी करायला हवी.

आता हाच खेळ मोठ्या पटावर मांडला जातोय. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रात नवं शहर उभारायचं ठरलं आहे आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) नियोजनाचं काम आहे. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणू लागले आहेत. तिथं पहिला भूखंड विकला जाण्याआधी चार अटी लिहिता येतील. स्टेशनच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या आवारातले गाळे विकून न टाकता भाड्यानं द्यावेत, आणि पहिली दोन वर्षं भाडं विक्रीच्या टक्केवारीत असावं, म्हणजे गाडी उशिरा आली तर तोटा प्राधिकरणालाही होईल. रिकाम्या ठेवलेल्या गाळ्यावर दर वर्षी वाढत जाणारा आकार लावावा. ताबा मिळालेल्या घरांची संख्या सेक्टरवार दर तिमाहीला जाहीर करावी, म्हणजे दुकान काढू पाहणाऱ्याला एजंटच्या शब्दाऐवजी चौदा की अठ्ठावीस हे कागदावर दिसेल. आणि बाधित गावांतल्या घरांना भूखंडाबरोबर एक गाळा त्यांच्या स्वतःच्या नावानं मिळावा, बांधकाम व्यावसायिकाशी होणाऱ्या सौद्यावर तो अवलंबून नसावा. या चारही गोष्टींना नवा कायदा लागेल असं नाही. निविदेच्या मसुद्यात त्या बसतात, आणि ते मसुदे अजून लिहून व्हायचे आहेत.